परदेशात इंग्रजी शिकवायचंय, पण माझी शाळा मराठी माध्यमाची

प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. एम.ए. (इंग्रजी) आणि बी.एड. झालं आहे, पण स्वतःचं शालेय शिक्षण मराठी माध्यमातून. पगार तुटपुंजा, तोही महिन्याच्या महिन्याला होत नाही. थायलंड, व्हिएतनाम, कोरियात इंग्रजी शिकवणाऱ्यांचे व्हिडिओ मोबाइलवर सारखे दिसतात. ‘पदवी असली की पुरे’ अशा जाहिरातीही येतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला हे खरंच शक्य आहे का?
– एक शिक्षिका

उत्तर : शक्य आहे, पण त्या व्हिडिओत दिसतो त्या वाटेने फारसं नाही.

व्हिडिओत दिसणारी बहुतेक मंडळी अमेरिका, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका अशा देशांची असतात. त्यांच्यासाठी पदवी खरोखर पुरते, कारण उरलेलं काम त्यांचा पासपोर्ट करतो. दक्षिण कोरियात भाषाशिक्षकांना ‘ई-२’ हा व्हिसा मिळतो. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना सरसकट खुला आहे. भारताला एक छोटा अपवाद आहे. भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला आणि त्यात इंग्रजीची पदवी व शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आली. कागदावर तुम्ही त्यात बसता. प्रत्यक्षात ही वाट अरुंद आहे, म्हणून अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका.

चीनमध्येही नियम ‘मातृभाषा इंग्रजी’ असलेल्यांकडे झुकलेले आहेत. शिवाय जुलै 2021 मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशी शिक्षकांना सामावून घेणारे कितीतरी वर्ग बंद पडले. थायलंड आणि व्हिएतनाम तुलनेने मोकळे आहेत. तिथे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यालाही परवाना मिळू शकतो, मात्र पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि पोलिस पडताळणी लागते. थायलंडमध्ये इंग्रजीच्या परीक्षेतले गुणही दाखवावे लागतात.

पासपोर्ट पाहून शिक्षक निवडण्याची ही पद्धत अन्यायाची आहे, आणि हे मत माझ्या एकटीचं नाही. ब्रिटिश भाषाअभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात ‘मातृभाषिक तोच आदर्श शिक्षक’ ही समजूत चुकीची ठरवली. इंग्रजीच्या शिक्षकांची ‘टीसॉल’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने 2006 मध्ये मातृभाषिक नसलेल्या शिक्षकांशी होणाऱ्या भेदभावाचा जाहीर निषेध केला. तरी व्हिसाचे नियम निषेधाने बदलत नाहीत. नोकरी शोधणाऱ्याने ते आहेत तसे धरून चालावं आणि जिथे आपली किंमत आहे तिथे आधी जावं.

प्रश्न : मग आमच्यासारख्यांची किंमत कुठे आहे?

उत्तर : शाळेत. शिकवणीवर्गात, संभाषणवर्गात तुम्ही पासपोर्टवर मोजल्या जाता. शाळा मात्र बी.एड., वर्गाचा अनुभव, वह्या तपासण्याची शिस्त आणि पालकांशी बोलण्याची हातोटी पाहते, आणि हे सगळं तुमच्याकडे आहे.

भारतीय शिक्षकाने परदेशी शाळेत शिकवणं ही नवी गोष्ट नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांमध्ये हजारो भारतीय शिक्षक होते. भूतानमध्ये आधुनिक शाळा सुरू झाल्या तेव्हा इंग्रजी माध्यमाचे वर्ग उभे करण्यात भारतातून गेलेल्या शिक्षकांचा मोठा वाटा होता. मालदीवच्या बेटांवरच्या शाळांत आजही भारतीय शिक्षक आहेत, त्यांत दक्षिणेकडचे अधिक. या वाटेची माहिती महाराष्ट्रात मात्र फार कमी पोहोचली आहे.

तुमच्यासाठी सगळ्यांत पक्का रस्ता आखाती देशांचा. सीबीएसईशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा भारताबाहेर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कुवेत, कतार आणि बहारीनमध्ये. मस्कतची इंडियन स्कूल 1975 पासून चालू आहे. या शाळांना इंग्रजीची पदवी आणि बी.एड. असलेला भारतीय शिक्षकच हवा असतो. बऱ्याच शाळांचं वर्ष आपल्या सीबीएसई शाळांसारखं एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे भरती साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये जोरात असते. अर्ज शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. दिवाळीच्या सुट्टीत कागदपत्रं तयार असतील, तर त्याच हंगामात मुलाखतीला बसता येईल.

ब्रिटनबद्दलही लोक विचारतात. फेब्रुवारी 2023 पासून इंग्लंडने भारतासह आणखी काही देशांतल्या शिक्षकांना तिथली अधिकृत शिक्षक-पात्रता मागण्याची वाट खुली केली. पण भारतीयांसाठी ती 11 ते 16 वयोगटाला गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरती होती. इंग्रजी विषय तीत नव्हता. तुमच्या शाळेत गणिताचे किंवा विज्ञानाचे कोणी शिक्षक असतील, तर ही माहिती त्यांना जरूर सांगा.

प्रश्न : मराठी माध्यम ही अडचण ठरेल का?

उत्तर : एका देशात नक्की ठरते. जपानमध्ये शाळेत परकीय भाषा शिकवण्याचा व्हिसा हवा असेल, तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं लागतं. तुमची दहावीपर्यंतची वर्षं मराठीतली, म्हणून ही वाट तूर्त बाजूला ठेवा.

बाकी ठिकाणी हे तुमचं बळ आहे. हंगेरीचे भाषाशिक्षक पीटर मेजेश यांनी 1994 मध्ये ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ या पुस्तकात हेच मांडलं : जो शिक्षक ती भाषा स्वतः कष्टाने शिकला, त्याला विद्यार्थी कुठे अडणार हे आधीच कळतं. लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला ‘अ’ आणि ‘द’ कधी शिकावे लागले नाहीत, म्हणून ते का चुकतात हे त्याला पटकन सांगता येत नाही. तुम्हाला ते सांगता येतं, कारण पाचवी-सहावीत तुमचीही वही त्याच जागी लाल झाली होती.

उच्चारांवर मात्र काम करा. मराठी माणसाची इंग्रजीत दोन ठिकाणी गफलत होते. ‘व्हेरी’ आणि ‘वेल’ या शब्दांचे पहिले आवाज आपण एकच करतो. इंग्रजीत पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यासाठी ओठ गोल होतात आणि दातांचा संबंध येत नाही. दुसरी गोष्ट आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या. आपण दोन्ही शब्द सपाट म्हणतो. कोणाची नक्कल करून परदेशी ढंग आणायची गरज नाही, ऐकणाऱ्याला पहिल्या खेपेत समजलं पाहिजे एवढंच. रोज एक परिच्छेद मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका.

प्रश्न : दीड-दोन हजारात इंग्रजी शिकवण्याचं ऑनलाइन ‘टेफल’ प्रमाणपत्र मिळतं. ते करू, की ‘सेल्टा’?

उत्तर : आखाती शाळांसाठी यातलं काहीच अनिवार्य नाही. तिथे बी.एड. पाहतात. थायलंड-व्हिएतनामकडे जायचं असेल किंवा स्वतःचं शिकवणं सुधारायचं असेल, तर प्रश्नाला अर्थ आहे.

स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रात बहुतेकदा वाचन आणि प्रश्नमंजूषा असते. तुम्ही शिकवताना कोणी पाहत नाही. केंब्रिजच्या सेल्टामध्ये किमान 120 तासांचा अभ्यासक्रम असतो, आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सहा तास प्रशिक्षकासमोर भरावे लागतात. प्रत्येक पाठानंतर काय जमलं, काय नाही, हे तोंडावर सांगितलं जातं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं ‘सर्टटीसॉल’ही याच तोडीचं. खर्च लाखाच्या पुढे जातो, त्यामुळे नोकरीची दिशा ठरल्याशिवाय यात पडू नका. आपल्याकडे हैदराबादचं इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ 1958 पासून इंग्रजीचे शिक्षक घडवत आलं आहे. त्यांचे शिक्षकांसाठीचे अभ्यासक्रमही पाहा.

नमुना पाठात काय पाहतात, याचं एक उदाहरण देते. फळ्यावर वाक्य आहे : ‘आय यूज्ड टू लिव्ह इन कराड.’ आपल्या वर्गात आपण लगेच मराठीत अर्थ सांगतो, ‘मी पूर्वी कराडला राहायचे’, आणि पुढे जातो. बँकॉकच्या वर्गात मराठी नाही आणि तुम्हाला थाई येत नाही. मग अर्थ पोहोचला की नाही हे कसं कळणार? ‘समजलं का?’ असं विचारलं तर सगळी मुलं मान डोलावतात. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारायचे. मी आता कराडला राहते का? नाही. पूर्वी राहत होते का? हो. एक दिवस राहिले की बरेच दिवस? बरेच दिवस. तीन उत्तरं बरोबर आली, म्हणजे अर्थ पोहोचला. मुलाखत घेणारा नेमकं हेच पाहतो. ही पद्धत उद्या सकाळी तुमच्या आठवीच्या वर्गात फुकट सुरू करता येते. एक चांगला पाठ कोणाकडून तरी चित्रित करून घ्या. पुष्कळ शाळा तो मागतात.

प्रश्न : एका एजंटने ‘दोन लाख भरा, महिन्यात नोकरी’ असं सांगितलं आहे. खरं मानू का?

उत्तर : मानू नका. परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पडताळता येतो. नोंदणीकृत एजंटसाठी या नियमांत सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी आहे, आणि त्याची पावती द्यावी लागते. अमिरातीच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्यानेच करायचा असतो, कर्मचाऱ्याचा पासपोर्ट ठेवून घ्यायलाही मनाई आहे.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच बोलणं थांबवा. थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुण म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकले, आणि परराष्ट्र मंत्रालयाला 2022 मध्ये जाहीर सूचना काढावी लागली. आमिषाला जाहिरात कोणतीही चालते, शिक्षकाची सुद्धा.

नेमणुकीच्या करारात सात गोष्टी लिहून आलेल्या हव्यात : मूळ पगार, राहण्याची सोय की भत्ता, वर्षाचं विमानाचं तिकीट, आरोग्यविमा, आठवड्याच्या तासिका, नोटिशीचा कालावधी आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी. तोंडी आश्वासन धरू नका.

प्रश्न : कागदपत्रांची तयारी काय करू?

उत्तर : बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून हे आजच हाती घ्या. पहिली गोष्ट नावाची. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. परदेशी यंत्रणेला ती दोन माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रात छापलेला नावबदल सोबत ठेवा.

दुसरी गोष्ट प्रमाणीकरणाची. पदवीची आधी राज्य पातळीवर पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का बसतो. ओमान, बहारीन, सौदी अरेबिया, कोरिया हे देश परदेशी कागदपत्रं मान्य करण्याच्या हेग करारातले, तिथे मंत्रालयाचा ‘अपोस्टिल’ हा शिक्का चालतो. अमिराती, कुवेत, कतारसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. पोलिस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो.

तिसरी गोष्ट अनुभवाची. विनाअनुदानित शाळांत कित्येक शिक्षकांकडे नेमणुकीचा लेखी आदेशच नसतो. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर दाखला घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, इयत्ता, विषय आणि पूर्णवेळ काम असल्याचा उल्लेख हवा. संबंध चांगले आहेत तोवर घ्या, राजीनामा दिल्यावर तो मागणं जड जातं.

माझा सल्ला एवढाच : ‘मला इंग्रजी बोलता येतं’ या भांडवलावर बाहेर पडू नका, त्या बाजारात तुमच्या पासपोर्टला भाव कमी आहे. ‘मी प्रशिक्षित शिक्षिका आहे आणि हा माझा पाठ’ असं म्हणून शाळांचे दरवाजे ठोठावा. या महिन्यात कागदपत्रं पूर्ण करा, एक पाठ चित्रित करा, येत्या हंगामात दहा शाळांना थेट अर्ज पाठवा, आणि लेखी करार हातात येईपर्यंत कोणालाही एक रुपया देऊ नका.