पुरःस्थ ग्रंथीची दोन प्रथिने : एक खूण, एक लक्ष्य

शरीरातील निरनिराळी ऊतके आपापल्या कार्यास आवश्यक अशी प्रथिने निर्माण करतात. त्यांपैकी काही प्रथिने ऊतकातील बिघाडाची खूण म्हणून उपयोगी पडतात, तर काहींवर औषधाचा नेम धरता येतो. पुरुषांच्या जननसंस्थेतील पुरःस्थ ग्रंथी, जिला व्यवहारात ‘प्रोस्टेट’ म्हणतात, ती या दोन्हींचे उत्तम उदाहरण होय.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. तारुण्यात ती अक्रोडाएवढी असते. उतारवयात बहुधा वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते. ‘वयोमानाप्रमाणे व्हायचेच’ असे म्हणून पुष्कळजण हा त्रास अंगावर काढतात आणि एखादे दिवशी लघवी पूर्णपणे तुंबते.

खूण : पीएसए

वीर्य बाहेर पडताच प्रथम घट्ट होते. पीएसए हे प्रथिन ते पातळ करते व शुक्राणूंची वाट मोकळी होते. रक्तात ते अत्यल्प उतरते. ग्रंथीची रचना विस्कटली की हे प्रमाण वाढते. १९७९ साली अमेरिकेत ते ग्रंथीतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्यावर आधारलेल्या रक्ततपासणीस तेथे १९८६ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांवरील देखरेखीसाठी व १९९४ मध्ये निदानास साहाय्य म्हणून मान्यता मिळाली.

तथापि पीएसए ही ग्रंथीची खूण आहे, केवळ कर्करोगाची नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, किंवा लघवीसाठी नळी घालणे यांनीही ते वाढते. दर मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा सामान्यतः धरली जाते; पण ४ ते १० या टप्प्यातील सुमारे चारांपैकी एकासच कर्करोग आढळतो. उलट, आकडा ४ च्या आत असूनही काहींना तो असतो. म्हणून आकडा हा इशारा समजावा, निकाल नव्हे.

लक्ष्य : ५-अल्फा-रिडक्टेज

हे दुसरे प्रथिन एक एंझाइम आहे. ते टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करते व त्यामुळे ग्रंथी वाढते. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत या एंझाइमाची जन्मजात उणीव असल्याचे १९७४ साली प्रसिद्ध झाले. अशा पुरुषांची ग्रंथी प्रौढपणीही लहानच राहत असे. त्यावरून एंझाइम रोखणाऱ्या औषधाची दिशा मिळाली व १९९२ मध्ये फिनास्टेराइड हे औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याने ग्रंथी हळूहळू आकसते; गुण येण्यास काही महिने लागतात.

दोहोंचा संबंध

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. फिनास्टेराइड सुमारे सहा महिने घेतल्यावर पीएसए जवळजवळ निम्मे होते. आकडा ३ आला तर तो ६ समजून विचार करावा लागतो. रुग्णाने गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, तर धोक्याचा इशाराही निर्धास्त वाटेल. यास्तव तपासणीपूर्वी चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत, शक्य तर चिठ्ठी दाखवावी. गर्भवती स्त्रियांनी या औषधाच्या फुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत.

लघवीचा त्रास हा लाजेचा विषय नव्हे. तो असणाऱ्या वृद्धांनी वेळीच तपासणी करून घ्यावी आणि एकाच आकड्यावरून भिऊ नये, तसेच निश्चिंतही होऊ नये, एवढी गोष्ट शिक्षक व ग्रामसेवकांनी गावोगावी समजावून दिल्यास पुष्कळ यातना टळतील.