बंद झालेली ताटी
(मुलांचा मोबाईलवरून होणारा छळ : प्रतिबंध व शासन)

ताटीच्या अभंगांची पार्श्वभूमी आपणां सर्वांस परिचित आहे. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने ती उघडावी म्हणून विनवणी केली, असे परंपरा सांगते. सातशे वर्षांनंतर आपल्या घरांतही एखादे मूल असेच दार लावून बसते. त्या काळी निंदा ताटीबाहेर राहत असे. आज ती मोबाईलमधून मुलाबरोबर आत जाते.

छळाचे स्वरूप

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात एकालाच हिणवणे, त्याच्या उच्चारांची नक्कल फिरवणे, त्याचे छायाचित्र विद्रूप करणे, त्याच्या नावाने खोटे खाते उघडणे, सर्वांना गटात घेऊन त्याला वगळणे, ही या छळाची रूपे होत. शाळेच्या अंगणातले चिडवणे घंटा होताच थांबते. हे रात्रीही थांबत नाही.

अंबरपेठेतील आपल्या कुटुंबांस आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी व तेलुगू, मित्रांत दक्खनी, अशी आपली मुले वाढतात. गटातील बोलणे नजरेस पडले, तरी आजी-आजोबांस त्यातील डंख कळेलच असे नाही. म्हणून शब्दांपेक्षा लक्षणांकडे पाहावे : फोन वाजताच चेहरा उतरणे, भरल्या ताटावरून उठणे, शाळा टाळणे, झोप मोडणे.

प्रतिबंध

मूल सांगत का नाही? बहुधा त्यास दोन भये असतात : फोन काढून घेतला जाईल आणि दोष आपल्यावरच येईल. ही दोन्ही भये पालकांनी आधीच दूर करावीत. मुक्ताबाईने ताटी मोडली नाही. ती बोलत राहिली. आपणही तेच करावे.

छळ उघड झाल्यास संदेश पुसण्यापूर्वी तारीख-वेळेसह त्यांची पडद्यावरील चित्रे जपून ठेवावीत. मात्र बालकाचे अश्लील चित्र पुराव्यासाठीही कोणास पाठवू नये. तेच गुन्हा ठरू शकते. प्रथम शाळेस लेखी कळवावे. प्रकरण गंभीर असल्यास जवळचे पोलीस ठाणे, मुलींसाठी हैदराबादेत २०१४ पासून कार्यरत असलेली ‘शी टीम’, किंवा १०९८ ही बालसाहाय्य दूरध्वनी सेवा यांच्याकडे जावे.

शासन

आपल्या कायद्यात ‘ऑनलाइन छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरी छळणारा मोकळा आहे, असे कोणी समजू नये. संमतीविना खासगी अंगाचे चित्र पसरवणे आणि बालकाचे अश्लील चित्र पसरवणे त्याच अधिनियमाखाली दंडनीय आहे; धमकी देणे व मुलीचा इंटरनेटवरून पाठलाग करणे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली.

छळणारा अठरा वर्षांखालील असेल, तर २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू होतो. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तेथे एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात. या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांस दंड, ते तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे, असे आदेश मंडळ देऊ शकते. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांसाठी वेगळी तरतूद आहे. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

या कायद्याचा हेतू आपणांस अपरिचित वाटू नये. पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचे वाकडेपण जावे, एवढेच मागितले आहे. परंतु वाकडेपण जाण्यासाठी ते आधी मान्य करावे लागते. आपलेच मूल छळणारे निघाले, तर ‘थट्टा होती’ म्हणून झाकू नये. त्यास सोबत नेऊन क्षमा मागवावी आणि पसरवलेले सारे त्याच्याच हाताने काढवावे. घरचे हे शासन वेळीच झाले, तर मंडळाची पायरी बहुधा चढावी लागणार नाही.

कुटुंबात विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मुलास काही सलल्यास घरातील कोणाजवळ ते निर्भयपणे बोलेल?
२. गटात कोणाची विटंबना चालू असता गप्प राहून पाहणारा कितपत निर्दोष?
३. आपण मोठी माणसे स्वतः फोनवरून कोणाची निंदा पुढे धाडतो काय?