आठ पाने

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. त्या राज्यात बॉथेल हे गाव आहे. सिॲटल हे मोठे शहर तेथून जवळच आहे. बॉथेलमधून सॅमॅमिश नावाची नदी वाहते. आजूबाजूला उंच उंच झाडे आहेत. तेथे पाऊस बारीक पडतो, पण हिवाळाभर पडत राहतो.

या गावात चिऊ राहते. शाळेत तिचे नाव वेगळे आहे, पण घरी तिला सगळे चिऊच म्हणतात. आईबाबांशी ती मराठीत बोलते. दर रविवारी ती मराठी शाळेतही जाते. अमेरिकेत अनेक ठिकाणी मराठी माणसे सुट्टीच्या दिवशी अशा शाळा चालवतात. तेथेच चिऊ बाराखडी शिकली. आता ती छोटे छोटे धडे वाचते.

दिवाळीच्या आधी चिऊची आजी वाईहून आली. आजी पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती निघाली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "वॉशिंग्टनला चाललात ना? मग अमेरिकेच्या अध्यक्षांचे घर नक्की बघून या." आजीने बाबांना ते सांगितले. बाबा हसू लागले.

"आई, अध्यक्ष राहतात ते वॉशिंग्टन शहर. ते देशाच्या पूर्व भागात आहे. आपण राहतो ते वॉशिंग्टन राज्य. दोन्हींमध्ये जवळजवळ पावणेचार हजार किलोमीटर अंतर आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष. त्यांचेच नाव दोन्हींना दिले आहे."

"म्हणजे नाव एक आणि जागा दोन," आजी म्हणाली.

दिवाळीला घरी पाहुणे आले. स्वयंपाकघरात पुऱ्या तळणे चालू होते. आजीने आतून हाक मारली, "चिऊ, सगळ्यांची पाने मांड बरे. आठ पाने!"

चिऊ धावतच गेली. तिने आपली नवी वही आणली. तिची आठ पाने जपून फाडली. टेबलाभोवती आठ खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीसमोर तिने एकेक पान नीट ठेवले. त्यावर एकेक पेन्सिलही ठेवली.

पाहुणे जेवायला आले आणि बघतच राहिले. मग सगळे जोरजोरात हसले. एक काका म्हणाले, "आज काय आम्हांला कविता वाढणार वाटते!"

खरे तर यात चिऊचे काय चुकले? घरी आई रोज तिला 'प्लेट ठेव' असे सांगत असे. झाडाचे पान तिला माहीत होते. वहीचे पान माहीत होते. जेवणाचे पान तिने कधी ऐकलेच नव्हते. पण सगळे हसले, तेव्हा चिऊचे डोळे भरून आले. ती आपल्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून चिऊ मराठी बोलेना. आजीने मराठीत काही विचारले, की ती इंग्रजीत उत्तर देई. आजीला इंग्रजी फारसे समजत नव्हते. दोघी एकाच घरात होत्या, पण त्यांचे बोलणेच बंद झाले. आजी दोन महिन्यांनी परत जाणार होती. तिला फार वाईट वाटले.

शनिवारी पाऊस थांबला. बाबा दोघींना घेऊन नदीकाठी फिरायला गेले. नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी पूल आहे. पुलावर उभे राहून बाबा म्हणाले, "आई, ही नदी पुढे लेक वॉशिंग्टनला मिळते."

"लेक?" आजीने विचारले. "त्या जॉर्ज वॉशिंग्टनची लेक का? ती पण इथेच राहायची?"

चिऊला हसू आवरेना. ती पटकन म्हणाली, "अगं आजी, लेक म्हणजे मुलगी नाही! लेक म्हणजे तळे! इंग्रजीत तळ्याला लेक म्हणतात!"

चार दिवसांनी चिऊ मराठीत बोलली होती. आजीने तिला जवळ घेतले. ती म्हणाली, "परवा तू फसलीस, आज मी फसले. आता फिटंफाट झाली. आमच्याकडे लेक म्हणजे मुलगी. तू माझ्या लेकाची लेक!"

दोघी बाकावर बसल्या. खाली मेपलची मोठमोठी पिवळी पाने पडली होती. आजीने त्यांतले एक उचलले. ते वीतभराहून मोठे होते.

"चिऊ, पूर्वी आपल्या देशात कागद नव्हता. तेव्हा लोक ताडाच्या पानांवर लिहीत. पुढे कागद आला, वही आली. पण नाव तेच राहिले. म्हणून आपण वहीचे पान म्हणतो. तसेच लोक केळीच्या पानावर जेवत. आता स्टीलचे ताट आले, काचेची बशी आली. तरी आपण 'पाने मांडा' असेच म्हणतो."

"म्हणजे ही सगळी पाने एकाच झाडाची!" चिऊ म्हणाली. "इंग्रजीतही झाडाच्या पानाला लीफ म्हणतात आणि पुस्तकाच्या पानालाही लीफ म्हणतात."

"बघ, तिकडेही तसेच आहे! मराठीत अशा शब्दांना अनेकार्थी शब्द म्हणतात. पण लेक आणि लेक यांचे मात्र काही नाते नाही. एक शब्द मराठी, एक इंग्रजी. तुमच्या वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात ना, तसे आहे हे."

"पूलसुद्धा!" चिऊ म्हणाली. "आम्ही पोहतो त्या तलावाला पूल म्हणतात. आणि आपण आता उभे होतो, तोही पूल."

"हो. आपला पूल हा शब्द फारसी भाषेतून आला. तुमचा पूल इंग्रजी. दोघे दोन वाटांनी आले आणि तुझ्या जिभेवर भेटले."

चिऊने थोडा विचार केला. "पण आजी, कोणता अर्थ घ्यायचा हे ओळखायचे कसे?"

"शब्दाच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहायचे. 'वहीचे पान फाटले', 'पान गळून पडले'. शेजारचा शब्दच सांगतो."

"पण तू तर नुसते 'पाने मांड' म्हणालीस. मी मांडलीच होती की!"

आजी क्षणभर गप्प झाली. मग हसून म्हणाली, "खरे आहे गं. पुऱ्या तळल्याचा वास माझ्या नाकात होता. मला वाटले, एवढ्यावरून तुला कळेल. मीच 'जेवणाची पाने' असे म्हणायला हवे होते."

परत जाताना संध्याकाळ झाली. आकाशात कावळे दिसू लागले. दहा, शंभर, हजार! बॉथेलमध्ये विद्यापीठाच्या आवाराला लागून मोठी पाणथळ जागा आहे. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात तेथे रोज संध्याकाळी हजारो कावळे झोपायला येतात. कधी कधी ते दहा हजारांहूनही अधिक असतात.

आजी पाहतच राहिली. "अगंबाई! पितृपक्षात आम्ही एका कावळ्याची वाट पाहत तासभर गच्चीवर उभे राहतो. आणि इथे बघ!"

"पितृपक्ष? बाबा बातम्या ऐकताना 'पक्ष, पक्ष' म्हणतात, तो का?"

"तो निवडणुकीतला. आता वर बघ. कावळ्याला काय आहेत? पंख. पंखाला संस्कृतात पक्ष म्हणतात. ज्याला पक्ष असतात तो पक्षी. एक पंख या बाजूला, एक त्या बाजूला. म्हणून पक्ष म्हणजे बाजूसुद्धा. महिन्याच्याही दोन बाजू असतात. चंद्र वाढत जातो तो शुक्ल पक्ष आणि लहान होत जातो तो कृष्ण पक्ष. पितृपक्ष हा त्यांतलाच एक पंधरवडा. आणि निवडणुकीत एका बाजूची माणसे एकत्र येतात, तोही पक्ष."

चिऊने दोन्ही हात पसरले आणि ती कावळ्यांच्या मागे धावली.

त्या रात्री आजी स्वयंपाकघरात भात काढत होती. चिऊ एकटीच टेबलाजवळ काहीतरी करत होती. तिने नदीकाठची चार मोठी पाने पुसून आणली होती. टेबलावर एकेक पान ठेवून तिने त्यावर एकेक ताट ठेवले.

मग तिने हाक मारली, "आजी, पाने मांडली आहेत. जेवायला ये!"

स्वाध्याय

१. चिऊने पाहुण्यांसमोर वहीची पाने का ठेवली?

२. 'लेक वॉशिंग्टन' हे शब्द ऐकून आजीला काय वाटले?

३. खालील वाक्ये वाचा. 'बस' या शब्दाचा प्रत्येक वेळी काय अर्थ होतो ते सांगा.
बस आली. "तू खिडकीजवळ बस," आजोबा म्हणाले. बाळू रस्ताभर बडबडत होता. शेवटी आजोबा म्हणाले, "बस! आता जरा गप्प राहा."

४. 'नाव', 'तीर', 'उत्तर' या शब्दांचे दोन दोन अर्थ घरच्या मोठ्या माणसांना विचारा. प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.