गंजलेला बोल्ट का सुटत नाही?

कोकणपट्टीतल्या एखाद्या गॅरेजमध्ये तुम्ही काही वेळ उभे राहिलात, तर एक देखावा बहुधा पाहायला मिळेल. पंधरा-वीस वर्षे पावसाळे खाल्लेली एखादी मारुती ८०० जॅकवर चढवलेली असते. पुढच्या चाकाचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा पोलादी दांडा, काढायचा असतो, कारण त्याचा रबरी बुश झिजून खडखड करू लागलेला असतो. काम तसे तासाभराचे. परंतु एक बोल्ट काही केल्या हलत नाही. मग पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाईप चढवला जातो, दोघेजण त्यावर लोंबकळतात आणि ‘कट्’ असा आवाज होतो. बोल्ट सुटलेला नसतो, तुटलेला असतो.

असे का व्हावे? तुमच्या शाळेतले पदार्थविज्ञान याचे उत्तर द्यायला पुरेसे आहे.

प्रथम गंजाकडे पाहू. लोखंडाचा ऑक्सिजन आणि पाणी यांच्याशी संयोग होऊन गंज तयार होतो, हे तुम्ही जाणता. पण तो मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, इकडे आपले लक्ष जात नाही. पाण्याचा अंश असलेला नेहमीचा तांबूस गंज, तो ज्या लोखंडापासून झाला त्याच्या सुमारे तिप्पट आकारमानाचा असतो. आता समजा, बोल्ट आणि भोक यांमध्ये ०.१ मिलिमीटर फट आहे. दोन्ही पृष्ठभागांचे मिळून अवघे ०.०५ मिलिमीटर लोखंड गंजले, तर ०.१५ मिलिमीटर जाडीचा गंज होईल. गंजलेल्या लोखंडाची रिकामी जागा ०.०५ आणि मूळची फट ०.१, दोन्ही काठोकाठ भरल्या! यापुढे होणाऱ्या गंजाला जागाच उरत नाही. तो बोल्टला सर्व बाजूंनी आवळू लागतो. खाऱ्या हवेत हे लवकर घडते, कारण मिठामुळे पाणी विजेचे चांगले वाहक होते आणि गंजण्याची क्रिया मुळात विद्युत्-रासायनिक आहे. थंड देशांत बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. तिथल्या मेकॅनिकांची डोकेदुखी आपल्या मालवण-रत्नागिरीकरांहून कमी नसते.

आता तो पाईप. फिरवण्याचा परिणाम म्हणजे परिबल. ते बल गुणिले अक्षापासूनचे लंब अंतर इतके असते. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम-भार, जोर लावला तर परिबल १२० न्यूटन-मीटर होते. पाईप लावून अंतर ९० सेंटिमीटर केले, की तोच माणूस ३६० न्यूटन-मीटर परिबल निर्माण करतो. पण बोल्टला ते सोसते का? १२ मिलिमीटरच्या बोल्टचा व्यास आट्यांच्या मुळाशी साधारण १० मिलिमीटरच असतो. पीळ सहन करण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १२ चा घन १७२८, १० चा १०००. म्हणजे केवळ आटे पाडल्यामुळे त्या जागी ४० टक्क्यांहून अधिक शक्ती गेली! चांगल्या पोलादाचा असा बोल्ट १२० न्यूटन-मीटरच्या आसपास पिळवटून तुटतो. गंजाने तो आणखी बारीक झालेला असेल तर त्याआधीच. तेव्हा साध्या पान्यावर एका माणसाचा जोर हीच जवळजवळ मर्यादा आहे. पाईप त्यापुढे नेतो, आणि त्यापुढे बोल्टचे दोन तुकडे आहेत.

जोर वाढवायचा नाही, तर गंजाची पकड सैल करायची. गंज आवळण्यात बळकट असला तरी ठिसूळ असतो, खडूसारखा. म्हणून हातोडा कामी येतो. १ किलोग्रॅमचा हातोडा सेकंदाला ५ मीटर वेगाने आदळून सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर संवेगातील बदल भागिले वेळ, म्हणजे सरासरी ५००० न्यूटन बल मिळते. हाताने ओढण्याच्या बारा पटींहून जास्त! ते क्षणभरच टिकते. पण ठिसूळ थराला तडे जायला क्षण पुरतो. टोकाचे आटे चेपू नयेत म्हणून नट आट्यांवरच ठेवून ठोकतात. नंतर नट एकाच दिशेने न रेटता थोडा मागे, थोडा पुढे करतात. गंजाचा भुगा होऊन बाहेर पडतो.

तेलाचे काम वेगळे. ते केशाकर्षणाने फटीत शिरते, म्हणून पातळ तेल हवे. रॉकेलात थोडे इंजिन ऑइल मिसळून वापरण्याची रीत जुनी आहे. केशाकर्षणाने आत शिरणारा द्रव जे अंतर जातो, ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. तेल सोडून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याने तेल फुकट घालवले असे मी म्हणेन. आदल्या संध्याकाळी सोडावे, सकाळी पुन्हा सोडावे.

तापवण्याबद्दल वर्गात नेहमी एक प्रश्न निघतो: नट तापवला तर त्याचे भोक लहान होईल की मोठे? मोठेच, जणू भोकाच्या जागीही धातू असावा तसे ते प्रसरण पावते. पोलादाचा प्रसरणांक अंश सेल्सिअसला ०.०००० १२. नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी अधिक तापला, तर १२ मिलिमीटरचे भोक ०.०४३ मिलिमीटर वाढेल. केस याहून जाड असतो, पण गंजाचा थर फोडायला एवढे पुष्कळ झाले. मात्र ‘बोल्टपेक्षा’ हा शब्द महत्त्वाचा. हळूहळू तापवून दोन्ही सारखेच गरम झाले, तर दोन्ही सारखेच फुगतील. आणि नुकतेच रॉकेल सोडलेल्या जागी, ब्रेकच्या रबरी नळीशेजारी ज्योत नेणे हा शुद्ध अविचार. हे काम जाणत्या कारागिराचेच. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली तर कोणीही शिरू नये. जॅक घसरला तर संधी दुसरी मिळत नाही. खाली भक्कम स्टँड हवेतच.

काही वेळा मात्र यातले काहीच लागू पडत नाही. नट सहज निघतो, बोल्टही थोडा फिरतो, पण पाना सोडला की परत पूर्वीच्या जागी येतो! कारण असे: बुशाच्या मधोमध एक पोलादी नळी असते, तिच्याभोवती रबर आणि रबराबाहेर लोअर आर्म. बोल्ट या नळीलाच धरून बसला असेल, तर तुमचा सारा जोर रबराला पीळ देण्यात खर्ची पडतो आणि रबर स्प्रिंगप्रमाणे तो परत करते. अशा वेळी झटापट सोडावी. बुश नाहीतरी बदलायचाच आहे; बुश आणि ब्रॅकेट यांच्या फटीतून हॅकसॉचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंना कापावा.

नव्या बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचायची सवय ठेवा. ८.८ मधला पहिला आठ सांगतो की हे पोलाद चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण येईपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, ते कायमचे लांबत नाही. दिसायला अगदी तसाच ४.६ चा बोल्ट २४० लाच लांबू लागतो. चाक ज्यावर तोलले आहे त्या जागी कपाटाचा बोल्ट चालत नाही. नट आवळल्याने ब्रॅकेटचे कान बुशाच्या नळीवर दाबून बसतात आणि भार मुख्यतः त्या दाबामुळे होणारे घर्षण पेलते. बोल्ट लांबला की दाब गेला; मग प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट बोल्टला बसतो.

बोल्टच्या आटे नसलेल्या भागाला ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या खेपेला हीच कथा नको. आट्यांना मात्र लावू नये: घर्षण कमी झाल्याने, कंपनीने सांगितलेल्या परिबलातच बोल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणला जातो. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन स्प्रिंगवर आल्यानंतर करायची. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच नव्या बुशाचे रबर पीळ खाऊन बसते, आणि काही महिन्यांतच ते फाटते.