किनाऱ्यावरचा राजपुत्र

मुलांनो, तुम्ही घरी ‘चाबी’ म्हणता, मराठीत तिला ‘चावी’ म्हणतात. तुमची ‘बाल्टी’ मराठीत ‘बादली’ होते. हे शब्द, आणि चहात बुडवून खातो तो पावसुद्धा, पोर्तुगीज भाषेतून आले. आपल्या सोलापूरला तर समुद्र नाही. मग ते इथवर आले कसे? त्यासाठी पोर्तुगालच्या एका शहजाद्याची हकीकत ऐका.

त्याचे नाव हेन्री. राजा पहिला जॉन याचा हा मुलगा १३९४ मध्ये जन्मला. आफ्रिकेतून येणारे सोने समुद्रमार्गाने आणावे, असे त्याच्या मनाने घेतले. पण त्या काळचे खलाशी बोजादोर भूशिरापलीकडे जात नसत. तिकडे गेलेला परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती. हेन्री वर्षानुवर्षे जहाजे पाठवी आणि ती तिथूनच माघारी फिरत. १४३३ मध्ये जील इयानिश हा त्याचा सेवकही तसाच परतला. हेन्रीने त्यालाच पुन्हा पाठवले. १४३४ मध्ये इयानिशने भूशिर ओलांडले. पलीकडे काय होते? शांत समुद्र आणि निर्जन किनारा! तिथली काही रोपटी त्याने खूण म्हणून आणली.

पुढे पोर्तुगीज हलकी जहाजे वापरू लागले. त्यांना अरबांच्या जहाजांसारखी त्रिकोणी शिडे असत. त्यामुळे वारा समोरून असला तरी वाट काढता येई.

गंमत अशी, की ज्याला जग ‘नाविक हेन्री’ म्हणते, तो स्वतः उत्तर आफ्रिकेपलीकडे कधी गेलाच नाही. पैसा त्याचा, जीव खलाशांचा.

आणि इतरांचाही. १४४४ मध्ये लागोश बंदरात २३५ आफ्रिकी कैदी उतरवले गेले. वाटणी करताना आयांपासून मुले तोडली गेली. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. पाचवा हिस्सा, म्हणजे ४६ माणसे, त्याच्या वाट्याची होती. त्याची स्तुती करणाऱ्या बखरकारानेच हे लिहून ठेवले आहे. त्याचे धाडस शिकवताना हे पान मला गाळता येत नाही.

१४६० मध्ये हेन्री वारला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५१० मध्ये अल्बुकर्कने आपल्या शेजारच्या विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकला. तो १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिला. तेवढ्या काळात चावी, बादली आणि पाव घाट चढून आपल्या घरांत आले.