बाळाच्या पूरक आहारासाठी घरची नाचणी



मुळशी, भोरच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते. पुण्यातील बिबवेवाडीत राहणाऱ्यांना ती शेजारच्या मार्केट यार्डच्या भुसार बाजारात मिळते. तरीही बाळाचे उष्टावण झाले की अनेक घरी भर असतो तो वरणाच्या निवळीवर व भाताच्या पेजेवर. त्यात पाणी जास्त व अन्न कमी. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्यानेच भरले तर वजन वाढत नाही.

केव्हा सुरू करावे?
पूर्वी चौथ्या ते सहाव्या महिन्यात वरचे अन्न देण्याची शिफारस होती. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावरच ते सुरू करण्यास सांगते. स्तनपान मात्र दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

नाचणीच का?
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मि.ग्रॅ. कॅल्शियम असते, पॉलिश तांदळात सुमारे ८ मि.ग्रॅ. शिवाय मोड येताना दाण्यात तयार होणारे विकर पिठूळ भाग फोडते. त्यामुळे पीठ जास्त घालूनही खीर मऊ राहते व बाळाला गिळता येते.

कृती
१) नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी. ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत.
२) उन्हात कडक वाळवून दळावी व वस्त्रगाळ करावी. जास्त भाजू नये. विकर नष्ट होते.
३) दोन भाग नाचणीच्या पिठात एक भाग भाजलेल्या मूगडाळीचे पीठ मिसळावे.
४) पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत चांगले शिजवावे. चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतपत घट्ट ठेवावे. वरून तूप घालावे.

किती द्यावे?
सुरुवातीस दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीन वेळा. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत वाढवावे. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातील लोहाचा साठा कमी पडू लागतो व एकट्या नाचणीने तो भरून निघत नाही. म्हणून शिजवून घोटलेली पालेभाजी, डाळ आणि चालत असल्यास पूर्ण उकडलेले अंडे द्यावे.

विशेष दक्षता
• बीजप्रक्रिया केलेले बियाणे उरले तरी खाण्यास कदापि वापरू नये. धुतल्याने औषध पूर्ण निघून जात नाही. पेरणीचे बियाणे व खाण्याचे धान्य वेगवेगळ्या जागी ठेवावे.
• बुरशी आलेले, काळपट दाणे काढून टाकावेत.
• एक वर्षापर्यंत मध देऊ नये. मीठ, साखर टाळावी.
• हात व भांडी स्वच्छ धुवावीत. खीर ताजी करावी. उरलेली पुन्हा देऊ नये.

दरमहा अंगणवाडीत बाळाचे वजन करून घ्यावे. ते वाढत नसल्यास डॉक्टरांना दाखवावे. नाचणीची रास विकण्यापूर्वी घरातील बाळासाठी चार-पाच किलो चांगली नाचणी बाजूला काढून ठेवावी.