गीता १७.१५ : प्ले झोनमधलं वाङ्मय तप



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५ आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

काल शरीराचं तप वाचलं. त्यात अहिंसा होती. आज वाणीचं तप. भगवंत इथे बोलण्याला चार अटी घालतात. ऐकणाऱ्याच्या मनाला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं. शिवाय स्वाध्यायाचा अभ्यास. या चार अटी एकाच वेळी पाळायच्या आहेत, चारातली सोयीची एक उचलायची मुभा नाही. इंजिनिअरिंगला असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सोपं वाटलं होतं. तेव्हा मला मूल नव्हतं.

यंदा पावसाळ्यात हा श्लोक मला मॉलमधल्या प्ले झोनमध्ये भेटला. पुण्यात राहणाऱ्यांना ही जागा सांगायला नको. बाहेर चिखल, सोसायटीच्या मोकळ्या जागेत गाड्या, म्हणून लेकाला घेऊन तिथे जायचं. तासाचे पैसे भरायचे, मनगटाला कागदी पट्टा, पायात ते रबरी ठिपक्यांचे मोजे. आत चेंडूंचा हौद, जाळीचा जिना, बोगदा, घसरगुंड्या. वर कर्कश गाणी आणि कोपऱ्यात कुणाचा तरी वाढदिवस. मोठ्या माणसाचंही डोकं अर्ध्या तासात उठतं.

आमचा लेक चार वर्षांचा. जुलैतल्या एका शनिवारी तो घसरगुंडीच्या वर उभा होता, बसू की नको करत. मागे सहा-सात वर्षांचा एक मुलगा ताटकळला होता. त्याने ढकललं. आमचा तोंडावर आपटून खाली आला, ओठ फुटला. रक्त बघितलं आणि मी जाळीतून वर चढून त्या मुलावर ओरडलो. "ए, कळत नाही का तुला? कुठायत तुझे आई-बाबा?" सगळा प्ले झोन वळून बघायला लागला. तो मुलगा रडला नाही. दोन्ही हातांनी जाळी घट्ट धरून नुसता उभा राहिला.

बाहेरच्या बाकावरून त्याची आजी उठून आली, हातात चपला आणि पाण्याची बाटली. म्हणाली, "ढकललं त्याने, बघितलं मी. मी रागावणारच होते हो. पण तुम्ही केवढ्याने ओरडलात, केवढासा जीव तो." मी काय म्हणावं? "मग लक्ष ठेवा ना आजी." माझ्या आईच्या वयाच्या बाईला. आणि खरं सांगतो, घरी जाताना मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता. मुलाच्या बाजूने उभा राहिलो याचं समाधानच होतं.

तीन आठवड्यांनी त्याच ठिकाणी आमच्या लेकाने एका मुलीला चावलं.

पायाने ढकलायच्या लाल गाड्या होत्या दोन. एकीचं चाक निखळलेलं, म्हणजे खरी गाडी एकच. (आमच्या धंद्यात याला रेस कंडिशन म्हणतात. एक रिसोर्स, मागणारे दोन. तिथे आम्ही कुणाला रागवत नाही, लॉक लावतो आणि पाळी ठरवतो.) गाडीवर अडीचेक वर्षांची मुलगी बसली होती. हा म्हणाला, "दे." तिने दिली नाही. मग हा वाकला, बोट उगारलं आणि ओरडला, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" आणि दंडाला चावला.

मंडळी, ते वाक्य माझं आहे. बोट सुद्धा माझं. दुधाचा पेला संपत नाही तेव्हा, बूट घालायला उशीर होतो तेव्हा, माझा कॉल चालू असताना तो खोलीत येतो तेव्हा.

पण ते मला त्या क्षणी जाणवलं नाही. त्या क्षणी मी मुलीच्या आईला पहिलं काय म्हणालो, तर, "तो असं कधी करत नाही हो." हे खोटं होतं. जूनमध्ये शाळेतून एकदा चिठ्ठी आली होती. म्हणजे 'सत्य' गेलं. मग लेकाचा दंड पकडून, "सॉरी म्हण. आत्ताच्या आत्ता." त्याने छताच्या दिव्याकडे बघत सॉरी म्हटलं. ते सॉरी त्या मुलीसाठी नव्हतंच, आजूबाजूच्या पालकांनी मला बरा बाप म्हणावं यासाठी होतं. ती रडतच होती आणि तिच्या दंडाकडे मी अजून बघितलंही नव्हतं. तिची आई मला जे बोलली ते बरोबर होतं.

एवढ्यात काउंटरवरचा मुलगा आला. असेल विशीचा, कॉलेज करून संध्याकाळी काम करणारा. त्याने आधी मुलीचा दंड बघितला, कातडी फुटली नव्हती, तरी तिच्या आईला साबणाने धुवायला नळ दाखवला. मग आमच्या लेकासमोर उकिडवा बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "चावलं की दुखतं. तिला लागलंय. गाडी आता माझ्याकडे." थोडं थांबून म्हणाला, "ती मोडकी गाडी धरतोस का? चाक बघू आपण." लेक मुकाट्याने गेला आणि गाडी धरून बसला. हुंदके नंतर आले.

आता त्या मुलाची तीन-चार वाक्यं श्लोकाशेजारी ठेवून बघा. भीती घातली नाही. खोटं काही नाही, "काही नाही झालं" असं सुद्धा म्हणाला नाही, कारण झालं होतं. गाडी काढून घेतली, हे हित. आणि मोडकी गाडी धरायला बोलावलं, हे प्रिय. माऊली या श्लोकावर दृष्टांत देतात. एक परिसाचा. परीस लोखंडाला तोडत-ठोकत नाही, ते आहे तसं ठेवूनच त्याचं सोनं करतो. मी मात्र दोन्ही शनिवारी लोहारकाम करत होतो. दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी झाडाला घालतात आणि भोवतालचं गवत त्यावर आपोआप जगतं. तसं, बोलणं एकाशी, पण हित सगळ्यांचं. तो मुलगा बोलला माझ्या लेकाशी. ऐकलं त्या मुलीने, तिच्या आईने, गाडीसाठी ताटकळलेल्या आणखी दोघांनी. मीही ऐकलं. जुलैमध्ये माझं ओरडणंही सगळ्यांनी ऐकलंच होतं की. माझा लेक तर फुटका ओठ धरून खाली उभा राहून ऐकत होता.

इथे दुसऱ्या अध्यायातली ती साखळी आठवते. श्लोक ६२ आणि ६३. वस्तूकडे लक्ष, त्यातून ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मग स्मृती जाते आणि मग बुद्धी. आपली ही साखळी उलगडायला कधी वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलाची दोन सेकंदात पूर्ण होते. म्हणून हात उचलल्यावर प्रवचन देण्यात अर्थ नाही, स्मृती तेव्हा जागेवर नसते. शिरायचं ते आधी, एकाच गाडीवर दोन हात दिसले की लगेच. त्यासाठी जवळ असावं लागतं. मी बाकावर मेल बघत होतो.

आणि मूल 'मारकुटं' आहे असा शिक्का मारण्याआधी एक गोष्ट. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या मोठ्या गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मारणं, ढकलणं, चावणं हे माणूस सगळ्यात जास्त करतो ते दोन ते चार वर्षांच्या आसपास. पुढे बहुतेकांचं ते कमी होत जातं. म्हणजे मारणं शिकवावं लागत नाही, न मारणं शिकवावं लागतं. हे वाचून मला हायसंही वाटलं आणि जबाबदारीही वाढली. शिकवायचं कुणी, तर आपणच.

आमचं आता काय चालतं ते सांगतो. हा नियम नाही, तुमच्या मुलाचं तुम्हाला ठाऊक. शनिवारची संध्याकाळ बंद. रविवारी उघडल्याउघडल्या जातो, जेवून-खाऊन, आणि तासाभरात बाहेर. झोपेच्या वेळेला अजिबात नाही, निम्मी भांडणं झोपेची असतात. माझा फोन बायकोच्या पर्समध्ये. मी घसरगुंडीच्या तोंडाशी नाहीतर गाड्यांपाशी उभा असतो, कारण भांडणं तिथेच होतात, चेंडूंच्या हौदात क्वचित. दुसऱ्याच्या मुलाने हात उगारला तर मध्ये माझा हात घालतो, त्याला पकडत मात्र नाही. खाली बसून एवढंच, "थांब. मारायचं नाही. त्याला लागतं." मग ज्याला लागलं त्याच्याकडे आधी. मग त्या मुलाचे पालक शोधायचे किंवा काउंटरवर सांगायचं, आणि सांगताना "त्याने ढकललं" म्हणायचं, "तो ढकलतो" नाही. पहिली घटना असते, दुसरी बदनामी. आपल्याच मुलाने दुसऱ्यांदा हात उचलला तर खेळ संपला, बूट घालायचे, घरी. पैसे वाया गेले तर गेले. (चावून कातडी फुटली असेल तर साबण-पाण्याने धुवून डॉक्टरांकडे. डोकं आपटल्यावर उलटी किंवा गुंगी आली तर थेट हॉस्पिटल. तिथे तप नको, रिक्षा बघा.)

'प्रिय' या शब्दाचा एक घोटाळा आपण सत्संगी मंडळी फार करतो. वाईटपणा नको म्हणून गप्प बसतो आणि त्याला गोड वाणी म्हणतो. त्या आजींनी सुद्धा नातवाला त्याच वेळी थांबवायला हवं होतं, हे माझं मत अजून आहे. हित सोडून प्रिय बोलणं हे तप नव्हे.

आमचे बाबा म्हणतात, "त्यालाही सांग, एक ठेवून द्यायची." त्यांच्या वाड्यात तसंच चालायचं. मी नाही शिकवत ते. मोठ्याने "थांब, मला आवडत नाही" म्हण आणि तरी नाही थांबला तर माझ्याकडे ये, एवढं शिकवतो. बाबांना हे पटलेलं नाही. माझ्यादेखत हा वाद होत नाही, पण आजोबा-नातवाचं गुपचूप काय चालतं ते विठ्ठलाला ठाऊक.

आता स्वाध्याय. आजच्या वाचनात मी खरा अडलो तो इथे. माऊली म्हणतात, वाचेच्या मंदिरात तिन्ही वेदांची प्रतिष्ठापना व्हावी, नाहीतर एखादं नाम तरी तिथे वस्तीला असावं, शिवाचं म्हणा की विष्णूचं. आमच्या घरात वाचेत वस्तीला काय आहे? मी परवा सकाळी सात ते नऊ मोजलं. "एकदा सांगितलेलं कळत नाही का" चार वेळा झालं. हरिपाठ संध्याकाळी एकदा, तोही माझं लक्ष घड्याळाकडे. मग मुलाने पाठ काय करावं? मनाचे श्लोक मला कुणी बसवून शिकवले नाहीत, आजी रोज म्हणायची म्हणून आले. तसंच हेही त्याला आलं, चालीसकट.

ते वाक्य अजून सुटलेलं नाही. काल ऑफिसला निघताना अर्धं आलं, "एकदा सांगि..." आणि बायको हसली. लेकानेच ते पूर्ण केलं.

त्या आजींची माफी मागायची म्हणून मी पुढचे दोन शनिवार एकटा तिथे डोकावून आलो. भेटल्या नाहीत. मागच्या रविवारी मात्र तो मुलगा दिसला, कुणा काकांबरोबर आला होता. मला बघितल्यावर त्याने जाळी तशीच घट्ट धरली. मी जाळीबाहेर खाली बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी फार मोठ्याने ओरडलो तुझ्यावर. ते माझं चुकलं."

तो घाईघाईने म्हणाला, "मी आज नाही ढकललं कोणाला."

"हो, बघितलं मी," म्हटलं. मग त्याने जाळी सोडली आणि घसरगुंडीवर गेला.

उद्या श्लोक १६, मानस तप.